आळशी धनाग्र

काचेचा एक पेला घ्या. त्यात पाणी भरून चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवा. शिसपेन्सिलीचे दोन तुकडे दोन्ही टोकांना तासून घ्या, पेल्यावर ठेवलेल्या पुठ्ठ्यातून ते पाण्यात सोडा आणि त्यांच्या वरच्या टोकांना तारा जोडा. या तारा टॉर्चच्या एका सेलला लावा. आता पाच मिनिटे पाण्यातील टोकांकडे नीट लक्ष द्या.

काय दिसले? जवळजवळ काहीच नाही. फार तर एखाददुसरा बुडबुडा शिशाला चिकटून बसलेला दिसेल.

आता दुसरा सेल पहिल्याला एकसर जोडा. लगेच दोन्ही टोकांवर बारीक बुडबुडे धरू लागतील आणि एकामागून एक वर येतील. ऋण टोकाशी ते जास्त दिसतील, कारण तेथे हायड्रोजन निघतो आणि त्याचे आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट असते. (सोड्याऐवजी मीठ मात्र वापरू नका. मीठ घातले की धन टोकाशी क्लोरीन हा विषारी वायू निघू लागतो. वायू कोंडून ठेवू नका, त्यांच्याजवळ काडी पेटवू नका आणि घरातल्या विजेच्या बटणापासून हा प्रयोग लांब ठेवा.)

हा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाहिला असेल. पण त्यातले कोडे फारसे कोणी विचारत नाही. २५ अंश सेल्सियस तापमानाला पाण्याचे विद्युत अपघटन करण्यासाठी १.२३ व्होल्ट इतका विद्युतदाब पुरतो, असे ऊर्जेचे गणित सांगते. टॉर्चच्या सेलचा दाब १.५ व्होल्ट असतो. म्हणजे एका सेलने काम व्हायला हवे होते. मग दुसरा सेल का लागला? त्याची वीज गेली कोठे?

या साध्या प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे काम चालू आहे. त्याचे कारण समजायला थोडा हिशेब करावा लागेल.

हायड्रोजन जाळला की पाण्याची वाफ होते, धूर होत नाही. खतासाठी लागणारा अमोनिया, तेलशुद्धीकरण आणि आता पोलादाचे कारखानेही तो मागू लागले आहेत. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून काढतात. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन मिळवताना सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्यापासून, तेही सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर, हायड्रोजन काढला तर हा कार्बन डायऑक्साइड टळतो. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन हायड्रोजन तयार करण्याची क्षमता उभारायची, असे तिचे लक्ष्य आहे.

फॅराडेच्या नियमावरून तुम्हीही हा हिशेब करू शकता: एक किलो हायड्रोजनसाठी पाण्यातून सुमारे २६,६०० अँपिअर-तास इतका विद्युतभार जावा लागतो. त्याला व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे विजेची युनिटे मिळतील. १.२३ व्होल्टला ती सुमारे ३३ होतात. कारखान्यातल्या घटांना मात्र १.८ ते २ व्होल्ट लागतात. १.९ धरले तर ५० युनिटे झाली. हा सगळा फरक वाया गेला असे मात्र नाही. १.२३ व्होल्टला पाणी फोडायचे तर लागणारी काही उष्णता आजूबाजूने घ्यावी लागते. तीही विजेतूनच द्यायची ठरवली तर १.४८ व्होल्ट पडतात. त्यापुढचे जे असते ते मात्र निव्वळ नुकसान. आता पाहा: दाब नुसता ०.१ व्होल्टने कमी करता आला तर किलोमागे २.६६ युनिटे वाचतात. ५० लाख टनांना त्याने गुणा. वर्षाला १,३३० कोटी युनिटे! व्होल्टच्या दहाव्या भागाची किंमत एवढी आहे.

पाण्यापासून हायड्रोजन काढणे आपल्या देशाला नवे नाही. पंजाबात नांगल येथे १९६१ साली सुरू झालेला खतकारखाना भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन मिळवी. आपल्या देशातले पहिले जड पाणीही १९६२ साली त्याच्याच आधाराने निघाले. पुढे त्या कारखान्याने विजेची वाट सोडून इतर कच्चा माल स्वीकारला. वीज महाग आणि तेल, कोळसा, वायू स्वस्त असले की पाण्याची वाट मागे पडते, हा अनुभव सगळ्याच देशांचा आहे.

दोन टोकांची दोन कामे

जादा वीज खाते कोण? थोडी द्रावणातून जाताना खर्च होते, थोडी दोन वायूंना वेगळे ठेवणाऱ्या पडद्यात जाते. पण मोठा वाटा विद्युत अग्रांच्या पृष्ठभागावर खर्च होतो, आणि त्यातही दोन्ही अग्रे सारखी दोषी नाहीत.

ऋणाग्राचे काम सोपे असते. एक इलेक्ट्रॉन द्यायचा, हायड्रोजनचा एक अणू पृष्ठभागावर बसवायचा. दुसरा असाच आला की दोघांची जोडी जमते आणि वायू निघून जातो. धनाग्राचे काम किचकट. ऑक्सिजनचा एक रेणू तयार व्हायचा तर चार इलेक्ट्रॉन काढून घ्यावे लागतात, आणि ते एकदम निघत नाहीत. आधी हायड्रॉक्सिल गट पृष्ठभागावर बसतो, मग त्याचा हायड्रोजन जातो, मग उरलेल्या ऑक्सिजनला दुसरा ऑक्सिजन येऊन भिडतो आणि सरतेशेवटी दोघे मिळून सुटतात. अशा चार पायऱ्या आहेत. त्यांपैकी एक जरी उंच असली तरी सगळी रांग तिच्यापाशी थांबते. रांग ढकलायला जास्त दाब द्यावा लागतो. तुमच्या दुसऱ्या सेलमधली बरीचशी ऊर्जा या ढकलण्यात गेली. धनाग्र आळशी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पायरी बुटकी करण्याचे काम उत्प्रेरक करतो. पण चांगला उत्प्रेरक कोणता? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याचे उत्तर सुचवले. त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. उत्प्रेरकाने रेणूला धरून ठेवावे, पण फार घट्ट नाही. घरी आलेल्या पाहुण्यासारखेच आहे हे. दारातूनच परत गेला तर बोलणे होत नाही आणि महिनाभर राहिला तर दुसऱ्याला जागा उरत नाही! हायड्रोजनच्या बाबतीत प्लॅटिनमची पकड अगदी बेताची असते, म्हणून ऋणाग्रावर तो सर्वांत सरस ठरतो.

हे तुम्हाला पेल्यातही थोडेसे पाहता येईल. ऋण टोकाची पेन्सिल काढून तेथे स्टीलचा चमचा लावा. पेन्सिल जेवढी बुडली होती तेवढेच चमच्याचे टोक बुडवा. सेल तेवढेच ठेवा. शाळेत प्रवाह मोजायचे उपकरण असेल तर तो वाढलेला दिसेल. धन टोकाला मात्र स्टील लावू नका. तेथे पोलादातले क्रोमियम पाण्यात उतरते आणि त्याचे एक रूप विषारी असते.

विद्युत अग्र कशाचे यावर किती अवलंबून असते, हे पहिल्याच प्रयोगात दिसले होते. १८०० साली व्होल्टाच्या नव्या विद्युतघटाची बातमी लंडनला पोचली आणि विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी पितळेच्या तारा पाण्यात सोडल्या. एका तारेशी हायड्रोजन निघाला. दुसरी तार नुसतीच गंजत गेली. प्लॅटिनमच्या तारा घेतल्यावर दोन्ही वायू मिळाले.

आम्लयुक्त घटात धनाग्रावर टिकाव धरून काम करणारा उत्प्रेरक म्हणजे इरिडियमचे ऑक्साइड. पण हा धातू प्लॅटिनमच्या खाणीत सोबतीने मिळतो, मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत, आणि सगळ्या जगात मिळून वर्षाला जेमतेम ७-८ टन. सोने त्याच वेळात ३,००० टनांहून अधिक निघते. इरिडियमच्या भरवशावर लाखो टन हायड्रोजन काढण्याचे मनोरे बांधणे कठीणच.

दोन वाटा उरतात. महाग धातू अगदी थोडा वापरायचा, किंवा स्वस्त धातूला कामाला लावायचे. दोन्ही वाटा एकाच गल्लीतून जातात, ती म्हणजे अतिसूक्ष्म रचनेची.

एका घनाची कबड्डी

एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचे मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर पृष्ठभाग साठ चौरस सेंटिमीटर होतो. असेच कापत जा आणि बाजू १० नॅनोमीटर होईपर्यंत थांबू नका. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. डोक्यावरचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. एवढे बारीक केल्यावर त्याच घनाचा एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते, म्हणजे मुठीत मावणाऱ्या त्या घनातून साडेचार मैदाने निघाली! क्रिया पृष्ठभागावरच होते, आतले अणू नुसते बसून असतात. म्हणून तेवढ्याच धातूत कितीतरी पट काम होते.

पण नुसते क्षेत्रफळ वाढले म्हणून सगळे साधले असे समजू नका. कणाच्या कडेला आणि कोपऱ्यात बसलेल्या अणूला शेजारी कमी असतात. त्यामुळे त्याची पकड आतल्या अणूहून वेगळी असते, कधी बेताची तर कधी नको इतकी घट्ट. कण लहान होत जातात तशा कडा वाढतात. म्हणजे आकार बदलून आपण त्याच धातूचा स्वभावही थोडा बदलत असतो. खरी मौज येथे आहे.

स्वस्त धातूंच्या वाटेवर सर्वांत पुढे गेलेली जोडी निकेल आणि लोखंड यांची. तिचा शोध कसा लागला, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. निकेलचे अग्र असलेल्या विद्युतघटमाला एडिसनच्या काळापासून वापरात आहेत. त्या भरताना एक तक्रार असे: निकेलमध्ये लोखंडाचा अंश शिरला की भरण्यासाठी दिलेली वीज ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यातच उडून जाई. घटमाला बनवणारे त्यामुळे लोखंडाला शत्रू मानत. १९८७ साली अमेरिकेतील डेनिस कॉरिगन यांनी निकेल ऑक्साइडच्या पातळ थरांवर मोजमाप करून दाखवले की दहा हजारांत एक भाग लोखंडही ऑक्सिजन निघणे सोपे करते. एकाच्या दृष्टीने जो मळ, तो दुसऱ्याच्या दृष्टीने उत्प्रेरक.

गोष्ट येथे संपली नाही. २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातील शॅनन बोएचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाटलीतल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधूनही लोखंडाचा लेश काढून टाकला आणि मग निकेल तपासले. शुद्ध द्रावणात निकेल अगदीच मंद निघाले! म्हणजे त्याआधी कित्येकांनी निकेलची म्हणून जी तडफ मोजली होती, तिच्यातला मोठा वाटा द्रावणातून चोरपावलांनी आलेल्या लोखंडाचा होता. शाळेच्या प्रयोगशाळेत ‘शुद्ध’ असे लिहिलेली बाटली उचलताना ही हकिगत आठवावी. लोखंडाचा अणू तेथे नेमके काय करतो, यावर अजून वाद चालू आहेत.

आज हा उत्प्रेरक पापुद्र्यांच्या रूपात बनवतात. दिवाळीतला चिरोटा डोळ्यांपुढे आणा. निकेल व लोखंड यांच्या हायड्रॉक्साइडचे जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे एकावर एक आणि मधल्या फटींत पाणी व आयन. ते भांडी घासण्याच्या स्पंजासारख्या जाळीदार निकेलवर उभे वाढवतात. एक रीत अशी: दोन्ही धातूंच्या क्षारांच्या द्रावणात युरिया घालून, ही जाळी त्यात बुडवून, कुकरसारख्या घट्ट झाकणाच्या भांड्यात सुमारे १२० अंशांवर काही तास ठेवतात. तापल्यावर युरिया हळूहळू फुटतो, द्रावण अल्कधर्मी होते आणि पापुद्रे सावकाश धरतात. उभ्या पापुद्र्यांचा आणखी एक फायदा आहे. सपाट पत्र्यावर बुडबुडा पसरून चिकटतो आणि त्याच्याखालची जागा फुकट जाते. टोकदार पापुद्र्यांवर त्याला बसायला धड जागा मिळत नाही, तो लहान असतानाच सुटतो.

अशा धनाग्राला जादा दाब सुमारे पाव व्होल्ट पुरतो, असे प्रयोगशाळेतले आकडे सांगतात. पण माझ्या मते हे आकडे वाचताना हात थोडा आखडता ठेवावा. ते बहुधा दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर इतक्या प्रवाहाचे असतात. कारखान्यात प्रवाह त्याच्या वीस पटींपासून शंभर पटींपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त असतो. प्रयोगशाळेतली चाचणी पुष्कळदा काही दिवसांची असते, कारखान्यातले अग्र वर्षानुवर्षे टिकावे लागते. नॅनोकणांना गोळा होऊन मोठे होण्याची खोड असते, काही विरघळतात, काही सुटून वाहून जातात. साडेचार मैदानांचे पुन्हा एक मैदान होते.

आळस हवासा वाटतो तेव्हा

इतका वेळ आपण आळशी धनाग्राला नावे ठेवली. सांडपाणी शुद्ध करणाऱ्याला मात्र तेच हवे असते!

इचलकरंजी किंवा सोलापूरसारख्या कापडाच्या गावांत राहणाऱ्या वाचकांना रंगीत सांडपाणी म्हणजे काय ते सांगायला नको. कापडाचे रंग मुद्दामच न उडणारे बनवलेले असतात, त्यामुळे जिवाणूंनाही ते सहज खाता येत नाहीत. असे पाणी दोन अग्रांमधून नेले तर धनाग्रावर पाण्याचे तेच हायड्रॉक्सिल गट तयार होतात. चपळ उत्प्रेरक असेल तर तो त्यांना धरून ठेवतो आणि चटकन ऑक्सिजन करून सोडतो. रंगाला काही होत नाही. पण पकड अगदी सैल असेल तर हे गट पृष्ठभागापाशी मोकळे राहतात आणि समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतात. रंगाचा रेणू फुटत फुटत शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊ शकतो. धनाग्रांचे हे दोन स्वभाव स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ख्रिस्तोस कोम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये नीट मांडून दाखवले.

सैल पकडीचे सर्वांत नामी उदाहरण म्हणजे हिरा. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याचा पातळ थर वीज वाहून नेतो. तो महाग पडतो. शिशाचे डायऑक्साइड स्वस्त, पण त्यातून शिसे पाण्यात उतरण्याची भीती. शिवाय मोकळा हायड्रॉक्सिल गट निमिषभरही टिकत नाही, पृष्ठभागापासून फार लांब जाण्याआधीच संपतो. म्हणून घाणीलाच त्याच्याजवळ आणावे लागते. त्यासाठी अग्र सच्छिद्र करून पाणी त्याच्या बारीक भोकांतून वाहू देतात. पाण्यात मीठ असेल तर क्लोरीनची नको ती संयुगे बनतात, ही आणखी एक कटकट.

आता दोन्ही कामे एकत्र आणून पाहू. धनाग्राला ऑक्सिजन बनवण्याचे कष्ट द्यायचेच कशाला? आपल्याला हवा आहे हायड्रोजन. धनाग्राला ऑक्सिजनऐवजी सोपे काम दिले तर?

असे सोपे काम मूत्रात आहे. प्रौढ माणसाच्या मूत्रातून रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर पडतो. गोठ्यांचा आणि खतकारखान्यांचा वेगळाच. हा युरिया नद्या-तळ्यांत पोचला की त्याचा अमोनिया व पुढे नायट्रेट होते आणि पाण्यावर शेवाळ माजते. अल्कधर्मी द्रावणात युरियाचे विद्युत अपघटन केले तर धनाग्राशी नायट्रोजन आणि ऋणाग्राशी हायड्रोजन मिळावा. त्याला गणिताप्रमाणे किती दाब लागतो? फक्त ०.३७ व्होल्ट! ओहायो विद्यापीठातील जेरार्डीन बॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निकेलचे धनाग्र वापरून मूत्रापासून हायड्रोजन काढून दाखवला तेव्हा ही बातमी जगभर गाजली.

मात्र ०.३७ हा आकडा प्रत्यक्षात उतरत नाही, आणि त्याचे कारण निकेलच आहे. युरियाशी भिडण्याआधी निकेलला स्वतःचे रूप बदलावे लागते. एक इलेक्ट्रॉन देऊन ते वरच्या पायरीवर चढते, मग युरियाकडून तो इलेक्ट्रॉन परत घेऊन खाली उतरते. हे चढणे सुमारे १.३५ व्होल्टच्या पुढेच होते. त्यामुळे खरी बचत व्होल्टच्या काही दशांशांची असते. आपल्या मघाच्या हिशेबाने तीही थोडी नव्हे. निकेल लवकर चढावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज मिसळून पाहतात, पापुद्रे आणखी पातळ करून पाहतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. युरियातला सगळा नायट्रोजन निरुपद्रवी वायू होऊन निघून जातो, असे बरेच दिवस गृहीत धरले जाई. अलीकडे द्रावण नीट तपासल्यावर दिसले की निकेलवर त्याचा मोठा भाग नायट्राइट आणि सायनेट होऊन पाण्यातच राहू शकतो. नायट्राइट विषारी आहे. हायड्रोजन तर मिळाला, पण पाणी स्वच्छ झाले नाही, एका घाणीच्या जागी दुसरी आली. म्हणून आता नव्या उत्प्रेरकाला किती व्होल्ट लागले एवढेच विचारून भागत नाही. प्रयोग संपल्यावर पेल्यात काय उरले, तेही मोजून सांगावे लागते. युरियातले दोन नायट्रोजन अणू एकमेकांना जोडून द्यावेत आणि ऑक्सिजनला त्यांच्याजवळ फिरकू देऊ नये, अशी पृष्ठभागाची रचना शोधण्याचे काम सध्या अनेक ठिकाणी चालू आहे.